ड्रायर मधेच बंद पडतो तेव्हा: गृहीतक तपासायचा घरगुती धडा

आज प्रयोगशाळेतलं नाही, घरातलं उदाहरण घेऊ. जुलै महिना, भाड्याचा फ्लॅट, तिघींचे ओले कपडे आणि एक जुना, गरम हवा पाइपमधून बाहेर सोडणारा इलेक्ट्रिक ड्रायर. बारा मिनिटं चालायचा, प्रचंड तापायचा आणि बंद पडायचा. अर्ध्या तासानं बटण दाबलं की पुन्हा सुरू. मेकॅनिकनं थर्मोस्टॅट बदलला, पैसे घेतले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. रूममेट वैतागून म्हणाली, "अगं, तो थर्मोस्टॅटच बायपास करून टाकू की!"

इथे थांबायचं. थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला वीज तोडतो, म्हणजे कपड्यांना आग लागण्यापासून वाचवतो. तो काढला तर मशीन बंद पडणार नाही, पण तापमान तेवढंच राहील किंवा वाढेल. तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबून तक्रार मिटत नाही.

आधी निरीक्षण. थंड झाल्यावर मशीन सुरू होतं, म्हणजे थर्मल फ्यूज उडालेला नाही. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो. मग उरली तीन गृहीतकं:

१. नवा थर्मोस्टॅटही सदोष आहे, लवकर तुटतोय.
२. जास्त कपड्यांमुळे मोटर तापते आणि तिचं संरक्षक स्विच मशीन थांबवतं.
३. हवेचा मार्ग तुंबलाय.

आता थोडं गणित. समजा हीटर २००० वॅटचा आहे आणि त्यावरून सेकंदाला ४० लिटर हवा जाते. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे ४८ ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंशानं तापवायला जवळपास १ जूल लागतो. २००० भागिले ४८, म्हणजे हवा सुमारे ४२ अंशांनी तापेल. खोलीत २८ अंश असतील तर हीटरपाशी ७०. आता प्रवाह निम्मा करा. वाढ दुप्पट होते, तापमान थेट १११ च्या आसपास! हीटर तोच, वीज तेवढीच. मशीन 'जास्त' तापवत नाहीये, उष्णता वाहून नेणारी हवा कमी पडतेय.

पण गणित जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. चाचणी करण्याआधी भाकीत लिहून ठेवा, नाहीतर निकाल आल्यावर आपण सोयीचा अर्थ लावतो. मी लिहिलं: तिसरं गृहीतक खरं असेल तर मागचा पाइप काढल्यावर मशीन पूर्ण वेळ चालेल. पहिलं खरं असेल तर काहीच फरक पडणार नाही.

मग एका वेळी एकच बदल, प्रोग्रॅम तोच ठेवून. फिल्टर साफ केला: बाराव्या मिनिटाला बंद. कपडे निम्मे केले: तरी बंद, म्हणजे दुसरं गृहीतक कमकुवत झालं. पुन्हा पूर्ण कपडे, आणि प्लग काढून मागचा पाइप सोडवला. मग मशीनसमोर बसून चालवलं: पूर्ण चाळीस मिनिटं चाललं! तरी मी पाइप परत जोडला. पुन्हा बंद. ही उलट तपासणी बरेच जण टाळतात, पण योगायोग त्यातूनच वगळला जातो.

पाइप भिंतीला दाबून चपटा झाला होता आणि आत कपड्यांतून निघणारा धाग्यांचा भुगा, म्हणजे लिंट, गच्च बसलं होतं. लिंट पेटायला वेळ लागत नाही. बायपास केलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

हे लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी माझ्या आलेखावर तीन वाचनं वेगळी पडली. "मीटर बिघडलाय" म्हणून मी ती गाळली. नंतर कळलं, भट्टीतला नायट्रोजनचा प्रवाह मधूनमधून कमी पडत होता. दोन महिन्यांचे नमुने पुन्हा करावे लागले. मीही थर्मोस्टॅट बायपासच केला होता की!

म्हणून पीएचडीला येताना एवढं लक्षात ठेवा: नकोसं वाचन आलं की आधी वाचन देणाऱ्यावर नाही, हवेच्या वाटेवर संशय घ्या. आणि हो, ड्रायरचा प्लग काढल्याशिवाय मागे हात घालू नका.