मोठ्या कंपनीने विकत घेतली की क्राफ्ट बिअर बिघडते का?

२०११ मध्ये अनहायझर-बुश या बलाढ्य बिअर कंपनीने शिकागोची ‘गूस आयलंड’ ही क्राफ्ट ब्रुअरी ३ कोटी ८८ लाख डॉलर्सना विकत घेतली. अशा प्रत्येक खरेदीनंतर अमेरिकेत एकच वाद रंगतो. काहींच्या मते मोठी कंपनी आली की चव गेली. काही म्हणतात, बिअर चांगली आहे ना, मग मालक कोण याच्याशी काय देणंघेणं? खरं तर इथे तीन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला, चवीचा. लेबल झाकून दोन ग्लास चाखा; मालकाचं नाव कळल्यावर जिभेचा कौलही बदलू शकतो.

दुसरा, मालकीचा. अमेरिकेतील ‘ब्रुअर्स असोसिएशन’च्या व्याख्येनुसार क्राफ्ट ब्रुअरीत, स्वतः क्राफ्ट ब्रुअर नसलेल्या मद्यकंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांपेक्षा कमी असावा लागतो. म्हणजे बिअर तीच राहिली, तरी विक्री झाली की ‘क्राफ्ट’ हा शिक्का जातो. ही संघटना छोट्या उत्पादकांची आहे, हेही लक्षात ठेवावं.

तिसरा, दुकानातल्या जागेचा. २०१६ मध्ये अनहायझर-बुशच्या मूळ कंपनीने सॅबमिलर घेतली, तेव्हा अमेरिकी न्याय खात्याने अट घातली: वितरकांना प्रतिस्पर्ध्यांची बिअर विकण्यापासून परावृत्त करणाऱ्या योजना चालणार नाहीत.

छोट्या ब्रुअरीला खरा धोका इथे आहे. बिअर कितीही उत्तम असो, फळीवर पोहोचलीच नाही तर ती चाखणार कोण?