लेकरू कुठे झोपते?



गळीत हंगाम जवळ आला की आपली विचारपूस सुरू होते. तोडीचा कार्यक्रम कधी लागतो, टोळी कुठली येणार, टायरगाड्या येणार की ट्रॅक्टर, बांधावरच्या रस्त्याला मुरूम पडला का, बैलांना पाणी कुठले. स्लिपबॉयला तर आपण दिवसातून दहा वेळा भंडावतो. यात काही चूक नाही, वर्षभराचा घाम फडात उभा असतो. पण आज मी या पानावर एक असा प्रश्न विचारणार आहे, जो आपण कुणीच विचारीत नाही आणि मीही पुष्कळ वर्षे विचारला नव्हता. टोळीबरोबर जी तान्ही आणि रांगती लेकरे येतात, ती दिवसा झोपतात कुठे?

मी सभासदाची बायको. बावीस वर्षे बालवाडी चालवली. आमची जमीन अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. कालव्याचे पाणी आले तसा ऊस आला आणि उसामागे टोळ्या आल्या. खरे तर आपल्या जालना जिल्ह्याला या धंद्याच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. आपल्याकडे बाहेरून टोळ्या येतात, आणि आपल्याच मंठा, घनसावंगी भागांतली माणसे उचल घेऊन, कोयता खांद्यावर टाकून दूर पश्चिमेला जातात. तेव्हा ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट नव्हे.

2009 च्या हंगामात आमच्याच फडात घडलेले सांगते. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मी भाकरी घेऊन बांधावर आले होते. ट्रॉली भरायला ट्रॅक्टर मागे येत होता. एका बाईने एकदम किंकाळी फोडली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मागच्या चाकापासून चार-पाच हातांवर पाचटाचा ढीग होता, आणि त्या ढिगाच्या सावलीत, लाल फडक्यात, दीड वर्षाचे पोर गाढ झोपलेले. त्याला काही कळलेही नाही. आईने उचलले तेव्हा कुठे ते रडू लागले. मी तिला रागावले, “अगं, चाकाच्या वाटेवर लेकरू झोपवतं का कुणी?” ती म्हणाली, “बाई, मग कुटं झोपवू? तुमीच सांगा. ऊनात ठिवू का सावलीत?” मला उत्तर देता आले नाही. आमचे लेकरू वाचले. अशा वेळी न वाचलेल्यांच्या बातम्या वर्षाआड कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून वर्तमानपत्रात येतात, त्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता, असा आपल्याकडचा हिशेब. त्याने तोडायचे, तिने साळायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. या हिशेबात लेकराला जागाच नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या हजेरीपटावरच्या बायांसाठी. तोडणीची बाई मुकादमाच्या वहीत असते, हजेरीपटावर नसते. अंगणवाडी 1975 पासून आली खरी, पण ती काही तास चालते आणि लेकराचे नाव असते त्याच्या गावच्या पटावर. 2021 साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना काढली, आपला जिल्हाही तीत आहे. शाळेच्या वयाच्या मुलांची त्यात सोय. अंगावर पिणारे लेकरू वसतिगृहात कसे राहील? ते आईबरोबर फडातच येणार.

पुढच्या हंगामात मी आमची ओसरी रिकामी केली. घरच्यांनी नाके मुरडली, पण ते असो. टोळीतली एक म्हातारी, जिला आता मोळी उचलत नव्हती, ती मदतीला आली. लेकरे नऊ, आणि आम्ही दोघी. बालवाडीचा अनुभव होता म्हणून मला वाटले, यात काय अवघड! पहिल्या पंधरा दिवसांत सगळी घमेंड उतरली.

पहिली चूक वेळेची. बालवाडीच्या सवयीने मी दुपारी जेवणानंतर अंथरुणे घालायची. पण ही लेकरे सकाळी आली की किरकिर, मारामारी, भोकाड. म्हातारीने समजावले. “बाई, टोळी पहाटं तीनला उठती. कवा कवा रातच्याला बी गाडी भरायला जावं लागतं. लेकराची झोप मोडून त्याला गाडीत घातलेलं अस्तं.” म्हणजे लेकरू माझ्याकडे येते तेव्हा त्याची अर्धी रात्र शिल्लक असते! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून 12 ते 16 तास, एक-दोन वर्षांच्याला 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13 तास झोप लागते. पहाटे तीनला उठलेल्या लेकराचा हिशेब तुम्हीच करा. तेव्हापासून आमची अंथरुणे उजाडायच्या आत पडलेली असतात. लेकरू आले, तोंड पुसले, घोटभर दूध किंवा पेज पोटात गेली, की झोप. दुपारची झोप वेगळी.

दुसरी चूक जागेची. थंडी म्हणून लहानांना मी आतल्या खोलीत ठेवले. त्या खोलीत खताच्या गोण्या आणि फवारणीच्या बाटल्या होत्या. आपल्या नाकाला सवय असते, आपल्याला वास येतच नाही. दोन लेकरे ओकली तेव्हा ध्यानात आले. आता नियम असा की जिथे औषध ठेवले असेल, तिथे लेकरू नाही. बाटल्या हलवल्या म्हणून ती खोली लगेच चालते असेही नाही. चुलीजवळही नाही. कोपीत तर चूल आणि पाचटाची भिंत यांच्यात दोन हातांचे अंतर असते, तिथे झोपलेले लेकरू एकटे सोडून फडात जाणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

तिसरी चूक, एकाच मोठ्या गोधडीखाली सगळी लेकरे. ऊब राहते म्हणून केले. एकाला खोकला झाला, आठवड्यात नऊही लेकरे खोकू लागली. मग ज्याची त्याची गोधडी वेगळी केली. दोन हात रुंद, तीन हात लांब. गोधडीच्या कोपऱ्यावर खूण शिवली. एकावर पान, एकावर बैल, एकावर चांदणी. दोन गोधड्यांमध्ये दोन हात मोकळी जमीन ठेवायची आणि एकाचे डोके तर शेजारच्याचे पाय, असे झोपवायचे, म्हणजे श्वास समोरासमोर येत नाही. त्या मोकळ्या जागेतून आपल्यालाही कुणाच्या हातावर पाय न देता फिरता येते. खुणेचा एक फायदा मला आधी सुचलाही नव्हता. दोन वर्षांचे पोर दहाव्या दिवसापासून आपल्या बैलावर आपणहून जाऊन पडू लागले. दर पंधरवड्याला बिऱ्हाड हलणाऱ्या लेकराला ‘ही माझी जागा’ म्हणायला तेवढेच होते.

मारिया माँटेसरी बाईंनी 1907 साली रोममध्ये कष्टकऱ्यांच्या वस्तीत बालगृह काढले. लहान मुलाला उंच कठड्याच्या पलंगात कोंडू नये, जमिनीलगत अंथरूण असावे, म्हणजे झोप आली की ते स्वतः जाईल आणि जाग आली की स्वतः उठेल, असे त्यांचे मत होते. आपल्याकडे पलंगच नाहीत, तेव्हा या बाबतीत आपण आधीच पुढारलेले!

आता झोळीविषयी, कारण त्यावर माझे आणि म्हातारीचे पुष्कळ वाद झाले. झोळी वाईट नाही. लुगडे दुहेरी करून बाभळीला किंवा गाडीच्या दांडीला बांधले की मुंगळे, विंचू, कुत्रे यांपासून लेकरू वर राहते, वारा लागतो, आईच्या लुगड्याचा वास येतो. बिनखर्चाचे इतके सोयीचे दुसरे साधन मला माहीत नाही. पण ज्याने अजून मान धरलेली नाही, असे बाळ झोळीत मुडपते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मोठ्यांनाही हनुवटी छातीला लावून श्वास घेऊन पाहता येईल. म्हणून झोळीच्या दोन्ही टोकांना हातभर काठी आडवी घालावी, म्हणजे कापड मिटत नाही आणि तळ सपाट राहतो. झोळी जमिनीपासून वीत-दीड वीत उंच, फार नाही, आणि खाली गोधडी. लोंबते दोर, काळे दोरे, ताईत गळ्याशी येणार नाहीत असे पाहावे. लेकरू कुशीवर वळू लागले किंवा धरून बसू लागले की झोळीचे दिवस संपले असे समजावे. आणि झोळीत गाढ झोपले की अलगद काढून खाली सपाट गोधडीवर उताणे ठेवावे. म्हातारी म्हणे, “उठंल की वो!” कधी उठते. पुन्हा झोपते.

उताणे का? पूर्वी पुष्कळ देशांत बाळाला पालथे झोपवायची पद्धत होती. 1991 मध्ये इंग्लंडात आणि 1994 मध्ये अमेरिकेत ‘बाळ उताणे झोपवा’ अशी मोहीम निघाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास आली. एवढ्याशा बदलाने! उशी नको, तोंडावर पांघरूण नको, तान्ह्याशेजारी दुसरे मोठे लेकरू नको. राळ्याची उशी काढली तेव्हा म्हातारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, डोके चपटे होईल म्हणे. त्यावर तोड अशी की बाळ जागे असताना आपल्या डोळ्यांसमोर पालथे घालावे, खेळू द्यावे. फिनलंडात 1938 पासून सरकार बाळंतिणीला कपडेलत्ते भरून एक पुठ्ठ्याचे खोके देत आले आहे, आणि तळाला गादी असल्याने कित्येक बाळांची पहिली झोप त्या खोक्यातच झाली. म्हणजे सपाट, स्वच्छ आणि स्वतःचे असले की झाले, ते सागवानी असायची गरज नाही.

झोपेसाठी काही ‘देण्याचा’ विषय अवघड आहे, पण टाळता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया कामावर जाताना लेकराला अफूची गोळी चारीत. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना लेकरू ठेवायला जागा नव्हती. आज अफू नसेल, पण खोकल्याचे गुंगी आणणारे औषध टोपणभर जास्त पाजलेले मी पाहिले आहे. लेकरू नेहमीपेक्षा सुस्त वाटले की आम्ही आईला न रागावता विचारतो, काय पाजलेस. रागावलो तर ती सांगणार नाही. हाक मारून नीट जागे होत नसेल, तर घरी थांबत नाही, थेट दवाखाना.

झोपलेल्या लेकरांपाशी एक माणूस कायम बसलेले हवे. दार दिसेल, सगळ्यांची छाती हलताना दिसेल अशा ठिकाणी. लेकरे झोपली म्हणून आम्ही दोघी एकदम भाकऱ्या थापायला गेलो, असे होत नाही. म्हणून खोली काळोखी करीत नाही, उजेड मंद ठेवतो. मार्चात पत्रा तापतो, तेव्हा पत्र्याखाली तट्ट्या बांधतो आणि दाराला ओले पोते लावतो.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, सोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. मुलींच्या काखेत धाकटी भावंडे! तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. धाकटे पाळण्यात झोपले की थोरली वर्गात बसायला मोकळी. हे मी शिक्षणाच्या काळात वाचले होते, पण मला ते कळले आमच्या ओसरीवर. नऊ वर्षांची एक मुलगी पहिल्या दिवशी भावाला घेऊन आली आणि झोळीची दोरी हातात धरून बसली. “तू जा, आम्ही आहोत,” म्हटले तरी उठेना. आई बजावून गेली होती. चौथ्या दिवशी म्हातारीने तिच्या हातातून दोरी काढून घेतली आणि मी तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवून आले. मधल्या सुट्टीत ती धावत येई, भाऊ झोपलाय ना बघे, आणि परत पळे. तिला तिसरीची बेरीज येत नव्हती. आमच्याकडची तोड संपली तेव्हा हातच्याची वजाबाकी येत होती.

खर्च विचाराल तर मोठा नाही. गोधड्या जुन्या कापडाच्या. दूध आमच्या गोठ्यातले, वर दोन-तीन सभासदांनी आळीपाळीने दिलेले. म्हातारीला टोळीतल्या बायांनी आणि आम्ही मिळून रोज दिला. खरी अडचण अंतराची आहे. फड चार मैलांवर गेला की पिणाऱ्या लेकराची आई मध्ये येऊ शकत नाही. म्हणून एका घराने भागत नाही. ज्याच्या फडात तोड, त्याच्या किंवा शेजारच्या वस्तीवर आठ-पंधरा दिवस एक ओसरी, असे फिरते पाहिजे. गोधड्यांचे गाठोडे टोळीबरोबर पुढे जाईल, खूण तीच राहील. दिल्लीत मीरा महादेवन यांनी 1969 साली बांधकामावरच्या मजूर बायांच्या लेकरांसाठी पहिले पाळणाघर काढले ते तंबूत, आणि काम हलले की पाळणाघरही हलायचे. आपल्याकडे तर तंबूचीही गरज नाही, वस्तीवर पडव्या आहेत.

तोडीची पाळी लागेल तेव्हा मुकादमाला कोयते किती म्हणून विचारालच. त्याच दमात सहा वर्षांखालची लेकरे किती, तेही विचारून वहीत मांडा, आणि ट्रॅक्टर फडात मागे घेण्याआधी ड्रायव्हरला खाली उतरून पाचट पाहायला लावा.

यंदा आमच्याकडे बारा लेकरे येतील असे मुकादमाने कळवले आहे. गोधड्या आठ आहेत. ज्यांच्या घरी जुनी सुती लुगडी किंवा धोतरे असतील त्यांनी धुऊन गट कार्यालयात ठेवावीत, मी आठवड्याच्या बाजाराला येते तेव्हा घेऊन जाईन. नायलॉनची नकोत, घाम शोषत नाहीत.