मोसंबीच्या पानातील लोह

भौगोलिक मानांकन लाभलेल्या जालन्याच्या मोसंबीच्या बागांतून ज्या झाडांच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडलेला दिसतो, त्या झाडांना लोह मिळत नाही असे सांगितले की बागाईतदाराला नवल वाटते. कारण त्याच्या पायाखालची काळी माती ज्या बेसाल्टाच्या झिजेतून निपजली, त्यात लोहाच्या ऑक्साइडांचे प्रमाण शेकडा १० हून अधिक असते. तीव्र आम्लात माती विरघळवून लोह मोजले, तर आकडा मोठाच येणार. परंतु मुळांपाशी तसले आम्ल नसते, आणि या मातीतल्या चुनखडीच्या सान्निध्यात लोह विद्राव्य राहत नाही.

म्हणून माती परीक्षणाचे खरे मर्म मोजण्यापेक्षा काढून घेण्यात आहे. लिंडसे आणि नॉर्वेल या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली जी पद्धत सिद्ध केली, तीत १० ग्रॅम माती डीटीपीए या द्रव्याच्या २० मिलिलीटर द्रावणात दोन तास हलवितात. हे द्रावण लोह, जस्त, तांबे व मँगनीज यांना धरून ठेवते, पण त्याचा सामू ७.३ वर स्थिर राखलेला असल्यामुळे चुनखडीला फारसे विरघळवीत नाही. गाळून आलेला द्रव ज्योतीत फवारला की त्यातील लोहाचे अणू लोहाच्याच दिव्यातून येणारा प्रकाश शोषून घेतात, व किती शोषला यावरून प्रमाण ठरते. ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली ऑस्ट्रेलियात मांडलेले हे तत्त्व. किलोमागे सुमारे ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह निघाले, तर जमीन उणी समजतात.

एवढ्या सूक्ष्म मोजणीचा घात मात्र बांधावरच होऊ शकतो. नमुना लोखंडी खुरप्याने काढला, उकिरड्याजवळून उचलला किंवा खताच्या रिकाम्या गोणीत भरला, तर खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रात असो वा परभणीच्या कृषि विद्यापीठात, निष्णात रसायनज्ञही त्यातून सत्य काढू शकत नाही. लाकडी वा प्लॅस्टिकच्या साधनाने, अनेक ठिकाणची माती घेऊन, सावलीत वाळवून, चार भाग करीत समोरासमोरचे दोन टाकून देण्याची ही कामगिरी सामान्य दिसते. माझ्या मते तीच साऱ्या परीक्षणाचा पाया आहे.

पानाची कथा याहून विलक्षण आहे. पान जाळून त्यातील एकूण लोह मोजले, तर पिवळ्या पानात कधीकधी हिरव्याइतके, क्वचित अधिकही लोह सापडते, कारण ते तिथे पोचूनही निष्क्रिय पडलेले असते. या कोड्यावर कट्याल व शर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८० साली तोडगा काढला: ताजे पान बारीक चिरून ऑर्थो-फिनँथ्रोलिनच्या द्रावणात रात्रभर भिजत ठेवायचे. हे द्रव्य फेरस अवस्थेतील, म्हणजे पानाच्या उपयोगी पडणाऱ्या, लोहाशीच नारिंगी-तांबडा रंग देते, आणि ५१० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्या रंगाची गडदता मोजली की झाडाची खरी निकड कळते. पान मात्र वाळवलेले चालत नाही.

बागेत पाणी साचून राहिले किंवा विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असले, तरी हीच पिवळाई वाढते; तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबून हिराकस (फेरस सल्फेट) विकत आणण्यापूर्वी बागाईतदाराने त्याच बागेतील एका पिवळ्या आणि एका निरोगी झाडाची, दोन्हींची पाने, दोन्हींखालची माती आणि विहिरीचे पाणी एकाच दिवशी तपासणीस द्यावे, आणि प्रत्येक आकडा कोणत्या पद्धतीने काढला हे अहवालावर लिहून मागावे.