पाषाणाची साक्ष

गोदावरीच्या डाव्या तीरावर पंचवटी वसली आहे. प्रभू रामचंद्रांच्या वनवासामुळे पावन मानलेल्या या स्थानी दूरदूरचे यात्रेकरू येतात. येथून नदी ओलांडून नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबईच्या वाटेने गेले, म्हणजे त्रिरश्मी नावाचा डोंगर लागतो. त्याच्या कातळात २४ लेणी कोरलेली आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. एवढे अचाट काम पांडवांवाचून कोण करणार, असे पूर्वीच्या लोकांना वाटे. भिंतींवर अक्षरे होती. परंतु ती वाचणारा कोणी उरला नव्हता.

इ. स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी आदी विद्वानांनी येथील प्राकृत लेख वाचले, आणि मुका डोंगर बोलू लागला. ही लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी राजे, व्यापारी व सामान्य जन यांनी कोरविली होती.

दहाव्या लेण्यातील लेख पाहा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी जवळच्या गोवर्धन नगरातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेविले. मुद्दल कधी मोडावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट होती. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. त्यातून वर्षावासातील २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहा : वर्षाचे व्याज २४० होते आणि वाटणीही २४० चीच होते! राजाच्या जावयाने विणकरांवर टाकलेला हा विश्वास दगडाने आजवर जपून ठेविला आहे.

तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाच्या क्षहरात कुळाचा उच्छेद केला, असे ती अभिमानाने सांगते. हे केवळ मातेचे कौतुक म्हणावे काय? इ. स. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीची १३,००० हून अधिक नाणी सापडली. ती नहपानाची होती. आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. मातेच्या शब्दाला नाण्यांनी साक्ष दिली.

जेथे लेख नाहीत, तेथे माती बोलते. इ. स. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीचे उत्खनन केले. सातवाहनकाळाच्या थरांखाली त्यांना ताम्रपाषाणयुगीन माणसांच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. ही वस्ती कोणत्याही लेखाहून जुनी होती.

जगात अजूनही असे अवशेष आहेत, की ज्यांची वाचा बंद आहे. मोहेनजोदडोच्या मुद्रांवरील लिपी अद्याप निर्विवादपणे वाचता आलेली नाही. तेथील राजाचे वा विणकराचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. एखादी लिपी वाचणारे नाहीसे झाले, म्हणजे केवढा मोठा ठेवा हरपतो, हे यावरून ध्यानात येईल.

म्हणून प्राचीन भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरणारा मनुष्य नुसता दगड खरवडीत नाही. तो एका साक्षीदाराचे तोंड बंद करीत असतो. गेलेले अक्षर पुन्हा उमटत नाही.