विमानाच्या दारापर्यंतची वाट

विमानाने जाणाऱ्या माणसाने विमानात बसण्यापूर्वी किती चालावे, हा प्रश्न जेट विमाने येईपर्यंत कोणत्याही विमानतळाच्या दप्तरात फारसा नोंदला गेला नव्हता. परंतु 1960 नंतर ही अवाढव्य विमाने एकमेकांपासून दूर उभी करणे प्राप्त झाले, टर्मिनलच्या इमारतींना लांबच लांब शाखा फुटू लागल्या, आणि हातात बॅग घेऊन धापा टाकणारा प्रवासी हा नियोजनकारांच्या चिंतेचा विषय झाला. त्या चिंतेतून निर्माण झालेल्या, चालकाविना धावणाऱ्या गाड्यांच्या अर्धशतकाकडे मागे वळून पाहताना असे जाणवते की, या गाड्यांची यंत्रविद्या जितकी सुधारली तितके त्यांच्या मागील व्यवहारज्ञान सुधारले नाही.

आरंभ मात्र विलक्षण सुज्ञ होता. फ्लोरिडातील टॅम्पा येथील कारभाऱ्यांनी प्रवाशाला 700 फुटांहून अधिक चालावे लागू नये अशी अट प्रथम घातली आणि इमारतीचे आराखडे नंतर काढले. मोटारी, तिकिटे आणि सामान यांचा सारा बंदोबस्त मधल्या वास्तूत. विमाने भोवतालच्या स्वतंत्र वास्तूंशी. आणि दोहोंना जोडणारे उन्नत मार्ग, अशी ती रचना एप्रिल 1971 मध्ये खुली झाली. प्रत्येक उपवास्तूकडे दोन समांतर मार्गिका, प्रत्येक मार्गिकेवर रबरी चाकांची एकच गाडी, जी आडव्या लिफ्टप्रमाणे केवळ जात-येत राही. रूळ बदलण्याची भानगड नाही, एक गाडी बिघडली तरी दुसरी चालू. दोन्ही थांबल्या तर काय, याचेही उत्तर काढलेले होते: दोन मार्गिकांच्या मधोमध चालत जाण्यासाठी वाट होती. माझ्या मते त्या साऱ्या रचनेतील सर्वांत मोलाची वस्तू ती वाट होय.

तीन वर्षांतच डॅलस-फोर्ट वर्थ येथे नेमकी उलट वृत्ती प्रकट झाली. 1974 मध्ये सुरू झालेल्या तेथील ‘एअरट्रान्स’ या यंत्रणेकडून प्रवासी, कर्मचारी, सामान, टपाल, इतकेच नव्हे तर कचराही वाहण्याची अपेक्षा होती. सुमारे 13 मैलांच्या त्या मार्गावर गाड्या एकाच दिशेने फिरत. त्यामुळे शेजारच्या टर्मिनलला जाऊ इच्छिणाऱ्याला दिशा प्रतिकूल असल्यास दूरचा वळसा घालणे भाग पडे. सामान वाहण्याची तजवीज पुढे सोडून द्यावी लागली, आणि 2005 मध्ये दोन्ही दिशांनी धावणाऱ्या ‘स्कायलिंक’ने प्रवाशांची या प्रदक्षिणेतून सुटका केली.

अटलांटाने 1980 मध्ये विषयाचे स्वरूपच पालटले. तेथे गाडी इमारतीच्या सोयीसाठी नव्हती. इमारतच गाडीच्या भरवशावर उभी होती. विमानांसाठी समांतर दालने बांधून त्यांना जमिनीखालच्या एका कण्याने जोडले, त्यामुळे दालनांच्या मधल्या जागेतून विमानांना मोकळेपणाने फिरता येऊ लागले. येथे एक विमान सोडून दुसरे पकडणाऱ्यांचीच संख्या मोठी. अनेक विमाने थोड्या अंतराने उतरली की काही मिनिटांत लोंढा येतो. म्हणून दिवसाच्या सरासरीवर गाड्यांचा हिशेब मांडणारा येथे हमखास फसतो. शिवाय हातातल्या बॅगेने व्यापलेली जागा वजा केली की शहरी रेल्वेच्या मापाने भरलेला डबा येथे निम्माच भरतो, म्हटले तरी चालेल. अटलांटाच्या भुयारात मात्र गाडीशेजारी पायवाट आणि सरकते पट्टे ठेवलेले होते.

डेन्व्हरने 1995 मध्ये हीच रचना उचलली, पण दूरच्या दोन दालनांकडे जाणारी पायवाट गाळून टाकली. 1998 मध्ये भुयारातील एका केबलला इजा झाली आणि काही तास हजारो प्रवासी जागच्या जागी अडकून पडले. क्वालालंपूरची कथा याहून दीर्घ आहे: 1998 पासून धावणारी तेथील गाडी मार्च 2023 मध्ये बंद पडली, आणि जुलै 2025 मध्ये नवी सुरू होईपर्यंत लोकांना बसने नेणे-आणणे चालले. दोन्ही ठिकाणी टाळलेल्या पायवाटेची ही किंमत होती.

आणखी एक गोष्ट, जी निविदांच्या मसुद्यांत सहसा तळाशी असते: प्रत्येक कंपनीची मार्गिका निराळी, म्हणून एकदा ती घातली की विमानतळ त्या कंपनीचा कायमचा आश्रित. बर्मिंगहॅमला 1984 मध्ये चुंबकावर तरंगणारी गाडी आली, आणि 1995 मध्ये सुटे भाग मिळेनात म्हणून ती बंद झाली. टॅम्पाला गाड्या देणाऱ्या वेस्टिंगहाउसचा हा व्यवसाय तर हस्तांतरित होत होत आता आल्स्टॉमच्या हाती आहे. वारसा टिकला म्हणून गाड्याही टिकल्या.

ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात चारही टर्मिनलांना जोडणारी अशीच गाडी आहे, परंतु तूर्त टर्मिनल एकच असल्याने तिला जोडण्यासारखे काही नाही. गाडी कधी घ्यायची, कोणाकडून, किती डब्यांची, हे निर्णय पुढे ढकलता येतात. तिच्यासाठी राखायचा पट्टा, देखभालीच्या आगाराची जागा आणि गाडीशेजारच्या पायवाटेची रुंदी यांचा निर्णय मात्र दुसऱ्या टर्मिनलचा पाया खणण्यापूर्वीच व्हायला हवा.