मोबाइलवरचा सातबारा, आधार आणि करार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत एकीकडे सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असलेली घरं आहेत, तर दुसरीकडे हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्यांच्या सोसायट्या. जमिनीचा व्यवहार असो की फ्लॅटचं भाडं, कागदपत्रं आता व्हॉट्सॲपवरूनच फिरतात. सोय मोठी आहे, पण त्याबरोबर काही समजुतीही पसरल्या आहेत. त्या महागात पडू शकतात.

गैरसमज : पीडीएफमध्ये फेरफार करता येत नाही, त्यामुळे एजंटाने पाठवलेला सातबारा खराच.
वस्तुस्थिती : पीडीएफमधलं नाव, क्षेत्र, गट क्रमांक सगळं बदलता येतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. तो १५ रुपयांत मिळतो आणि त्याच्यावर पडताळणी क्रमांक असतो. हा क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघावा. फाइलवरचा क्यूआर कोड स्कॅन करून थांबू नये, कारण बनावट कोड हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊ शकतो. शिवाय उतारा अस्सल निघाला तरी मालकीचा तो अंतिम पुरावा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातल्या नोंदी, उलट सिद्ध होईपर्यंतच, खऱ्या मानल्या जातात. म्हणून विसार देण्याआधी फेरफार नोंदी, जुने दस्त आणि वकिलाचा शोध अहवाल बघायलाच हवा.

गैरसमज : डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचा फोटो.
वस्तुस्थिती : ही स्वाक्षरी फाइलच्या आत गणिती पद्धतीने बांधलेली असते. नंतर एक अक्षर जरी बदललं, तरी तपासणीत ते उघड होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने तिला मान्यता दिली आहे. स्क्रीनशॉट काढला किंवा प्रिंट मारून पुन्हा स्कॅन केलं, की ही बांधणी जाते आणि उरतं ते नुसतं चित्र. म्हणून मूळ फाइलच मागावी आणि मूळ फाइलच पुढे पाठवावी. स्वाक्षरीशेजारी प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून कागद बनावट ठरत नाही. स्वाक्षरी देणाऱ्याचं प्रमाणपत्र आपल्या संगणकाने अजून ओळखलेलं नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

गैरसमज : करारावर दोघांनी सह्या करून स्कॅन पाठवला, की भाडेकरार झाला.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सलाही यातून सूट नाही. ही नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रतच जपून ठेवावी.

गैरसमज : व्हॉट्सॲप सुरक्षित आहे, मग सोसायटीच्या ग्रुपवर आधार टाकलं तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती : एन्क्रिप्शन फाइलला वाटेत जपतं. ती पोहोचली की ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतंत्र प्रत तयार होते. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची मुभा सुमारे अडीच दिवसच असते, आणि कुणी आधीच जतन केलेली किंवा पुढे पाठवलेली प्रत त्याने पुसली जात नाही. कागद मागणाऱ्यालाच तो थेट द्यावा, ग्रुपवर टाकू नये. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं.

गैरसमज : क्रमांकावर काळी पट्टी ओढली, की तो झाकला गेला.
वस्तुस्थिती : अनेक ॲपमध्ये ही पट्टी नुसती वर ठेवलेली असते. खालचा मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो आणि कॉपी करून वाचता येतो. झाकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवावा. मात्र पट्टी गडद आणि अपारदर्शक हवी. हायलायटरच्या रेघेखालचे आकडे फोटोचा उजेड वाढवून वाचता येतात.

गैरसमज : लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून आलेली फाइल उघडून बघायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर तो कागद नसून ॲप आहे. ते बसवलं आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या, की तुमचे एसएमएस आणि त्यातले ओटीपी भामट्यांच्या हाती जाऊ शकतात. नातेवाइकाच्या नंबरवरून आली तरी अशी फाइल उघडू नये, कारण त्यांचाच फोन ताब्यात घेतला गेलेला असू शकतो. आधी त्यांना फोन करून विचारावं.

चुकून असं ॲप बसवलं गेलंच, तर इंटरनेट बंद करावं आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते अडवण्याची शक्यता राहते. त्यामुळे लाजून किंवा घरच्यांपासून लपवून वेळ घालवू नये.