एमआर प्रतिमांकनात कॅथेटरचा स्थाननिर्णय
हृदयापर्यंत नेलेल्या कॅथेटरचे टोक कोठे आहे, हे पाहण्यासाठी सामान्यतः क्ष-किरण वापरले जातात. एमआर प्रतिमांकनात क्ष-किरण टळतात. परंतु टोक सहज ओळखू येत नाही. यासाठी ड्युमूलिन, सूझा व डॅरो यांनी 1993 साली टोकावर सूक्ष्म ग्राही कुंडल बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. चुंबकीय क्षेत्र एका दिशेने क्रमशः वाढते ठेवल्यास कुंडलाने टिपलेल्या संकेताच्या वारंवारतेवरून त्या दिशेतील स्थान कळते. तीन दिशांच्या मापनांतून बिंदू निश्चित होतो. अडचण आहे ती संकेत वाहणाऱ्या तारेची. लोहयुक्त वस्तू चुंबकाकडे ओढली जाण्याचा धोका मुंबईच्या नायर रुग्णालयातील 2018 च्या दुर्घटनेने सर्वपरिचित केला. तांब्याची तार ओढली जात नाही, म्हणून निर्धोक वाटते; प्रत्यक्षात ती रेडिओलहरींनी तापून रक्तवाहिनीला आतून भाजू शकते. त्यावर तारेत ठिकठिकाणी सूक्ष्म ट्रान्सफॉर्मर घालून तिची अखंड लांबी तोडण्याचा उपाय संशोधकांनी योजला.